सतरंज्या धुण्याचा दिवस

जून आला की कोक्कोलातल्या बायका
आपापलं घर गुंडाळून समुद्राकाठी धुवायला आणतात.
म्हणजे सतरंज्याच. पण गुंडाळी खांद्यावर घेतली
की भरते घराइतकीच.

हेता आलीय, कारण मी पैसे कबूल केलेत.
वय पंधरा. दोन्ही कानांत गाणी.
ब्रश असा धरते, जणू रस्त्यात सापडलाय
आणि मालक येईपर्यंत सांभाळायचाय.
ओइवा तेवढा खूश. पाइनच्या साबणाचा फेस करायचा,
फेसावरून घसरायचं, उठून पुन्हा घसरायचं.
रेइयो घरी झोपलाय. रात्रपाळी होती.
हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.
बरं, सांगतेय. थोडी.

ही लांब सतरंजी सासूनं विणलेली, लेम्पीनं,
आमचेच जुने कपडे फाडून, पट्ट्या काढून.
गुडघ्यांवर बसून घासत पुढे सरकावं
तसतसे एकेक जण भेटतात.
निळा पट्टा रेइयोचा कारखान्यातला डगला,
पिवळा आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीचा पडदा,
करडी कुणाची तरी शाळेची विजार,
आणि मग, चार बोटं रुंद, लाल.

"हा कुणाचा?"
हेतानं एका कानातलं गाणं काढलं.

माझा. पहिल्या पगाराचा ड्रेस, तुर्कूहून आणलेला.
एकदाच घातला, तळ्याकाठच्या नाचाला.
मग तू झालीस, मग हा,
आणि तो कपाटात थांबला
माझं जुनं अंग परत येईल म्हणून.
ओइवाच्या वेळी लेम्पी आली मदतीला.
तीन आठवडे मासे उकडले, लंगोट धुतले,
खिडक्यासुद्धा पुसल्या. जाताना कपाट आवरून गेली.
नाताळात सतरंजी आली.
"बसत नव्हता ना तुला," ती म्हणाली.
खरंच बसत नव्हता.
त्याचाच तर राग.

नऊ वर्षं. सकाळी अंधारात कॉफी ठेवायला उठते,
पाय लांब टाकते, लाल ओलांडते.
कुणाला कधी बोलले नाही.

हेता गप्प झाली. मग म्हणाली,
"म्हणून आपण लालवर पाय देत नाही?"
"आपण?"
"मी. ओइवा. बाबासुद्धा.
मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असतं असं.
मैत्रिणीकडे पहिल्यांदा गेले
तर तिची सतरंजी नुसती हिरवी.
कुठून उडी मारायची तेच कळेना."

ब्रश माझ्या हातात तसाच.
काय काय शिकवायला बसले होते मी या मुलांना!
दात घासा, आभार माना, मोजे जोडीनं टाका.
त्यातलं एकही धड लागलं नाही,
आणि जे दातांखाली दाबून ठेवलं होतं
ते चालायला लागल्यापासून पाठ.

गेल्या रविवारी लेम्पीला भेटायला गेले, वृद्धाश्रमात.
माझं नाव तिला आता सापडत नाही.
पण माझी बाही धरली,
अंगठा आणि बोट यांच्यात चोळून बघितली,
डोळे मिटून, बराच वेळ.
"चांगलं आहे कापड," म्हणाली. "सरळ फाटेल."
मी हसले. गाडीत बसल्यावर मात्र
किल्ली लावायला वेळ लागला.

पिळायच्या यंत्राला दोन माणसं लागतात.
एकानं रुळांत सतरंजी सारायची, दुसऱ्यानं दांडा फिरवायचा.
पाणी काढून टाकल्यावरही ती जड असते,
आणि रुळांना बोटांची कदर नसते.
"हात सांभाळ," मी म्हटलं.
"माहितीये," ती म्हणाली,
अगदी माझ्या कंटाळलेल्या आवाजात.

लाल रुळापाशी यायच्या आधी
तिनं बूट काढले, मोजे काढले,
ओल्या फळ्यांवरच्या त्या चार बोटांवर
दोन्ही पाय ठेवून उभी राहिली
आणि माझ्याकडे बघत राहिली.
ओइवाचं घसरणंसुद्धा थांबलं.

गार असणार. समुद्राचंच पाणी ते.
मी काही बोलले नाही.
थोड्या वेळानं म्हटलं,
"उतर आता, दांडा फिरव.
अजून स्वयंपाकघरातली राहिलीय."